डावं चाक आणि पहिली आखाजी

आमच्या अँबॅसिडरचं पुढचं डावं चाक गायला लागलं तेव्हा सुरुवातीला मला त्याचं कौतुकच वाटलं. चोपड्याजवळच्या आमच्या खेड्यात तेव्हा, म्हणजे नव्वदच्या आसपास, बैलगाड्या घरटी एक होत्या आणि मोटार सगळ्या गावात एकच, ती माझी. माझ्याआधी तिचे तीन धनी होऊन गेले होते, पण चौथेपणाचा कमीपणा मी कधी मानला नाही. चाकाचा आवाज आधी भुंग्याएवढा होता. मग तो पिठाच्या गिरणीएवढा झाला. चैत्रात तर मी गल्लीत वळलो की शेजारच्या अक्का दळणाचा डबा घेऊन बाहेर येत. हे मी शपथेवर सांगतो; शपथ कोणाची ते विचारू नका.

दुरुस्ती करायला हवी होती, मान्य. पण मी टायरला दोष दिला, टायर बदललं, मग रस्त्याला दोष दिला. रस्ता काही मला बदलता येईना. एवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते. नुसती येत नाही. भाऊ मुराळी होऊन आणायला जातो, तेव्हा येते. माझ्या धाकट्या बहिणीची लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी. तिला दिलेलं होतं शिंदखेड्याला आणि लग्नात निरोप देताना मी चार बायकांसमोर बोलून बसलो होतो की आखाजीला मोटार घेऊन येईन. तिच्या सासूने ते शब्द गाठ मारून ठेवले होते. त्या घराची रीत अशी, की दिवे लागले की सून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, मग मुराळी येवो नाहीतर राजा येवो. आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत मी पोचलो नाही, तर बहिणीचा सण सासरी, आणि वर जन्मभराचं ऐकणं: मोटारवाला भाऊ आला का गं?

निघायच्या दिवशी सकाळी बघतो तर आबा डाव्या चाकापाशी उकिडवे बसलेले. आबा म्हणजे माझे वडील. सारा जन्म बैलगाडीवर गेलेला, मोटारीला ते ‘बिनबैलाची’ म्हणत. दर अमावास्येला ते तिच्यापाशी असे एकटे बसत. मी समजायचो, पूजा करत असतील. चौथ्या हातच्या मोटारीला देवाचा आधार असलेला बरा, म्हणून मी कधी डोकावलो नाही. हात धोतराला पुसत ते एवढंच म्हणाले, “पोरले लेवाले जाई राह्यना तू. चाक रडाले नको.”

अमळनेरहून नरडाण्याला जाणारा जवळचा रस्ता होता. पण मोटार धुळ्याच्या आग्रा रोडवरून गेली नाही तर तिचा उपयोग काय? वाकडी वाट करून धुळ्यातून मिरवत निघालो. सोनगीरच्या किल्ल्याखाली आलो आणि चाकाने गाणं सोडून हंबरडा फोडला. स्टिअरिंग एवढं थरथरायला लागलं की माझ्या कवळीचे दात वाजले. कवळी मला तेव्हा नव्हती, यावरून काय ते समजा.

हायवेच्या कडेला एका मिस्त्रीची ताडपत्री होती. मागच्या आळीत तांबट भांडी ठोकत होते आणि हा त्या ठकठकीत शांत डोळे मिटून बसला होता. मी आवाजाचं वर्णन सुरू केलं, तर त्याने हातानेच मला गप्प केलं आणि स्वतः चालवायला बसला. वेगात असताना त्याने गाडी न्यूट्रल केली. इंजिन निवलं, आवाज तसाच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. मग त्याने मोकळ्या रस्त्यावर उजवीकडे हेलकावा दिला, भार डाव्या बाजूवर आला आणि आवाज दुप्पट झाला. डावीकडे दिला, तर निम्मा. परत आल्यावर जॅक लावून त्याने चाक उचललं, वरून-खालून धरून हलवलं. चाक म्हाताऱ्याच्या दातासारखं हललं. माझं टायर उगाच बदललं गेलं होतं, हे त्याने तोंडाने सांगितलं नाही. टायरवर थाप मारून नुसता हसला.

“बेअरिंग गेलं,” तो म्हणाला.

चाक काढून त्याने हबच्या तोंडावरची वाटीसारखी टोपी ठोकून सोडवली. टोपीत पिवळं ग्रीस असायला हवं. होतं ते काळं, डांबरासारखं आणि खरखरीत. त्याने बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे बघतो.

“भाऊ, मोटारमा ओंगण कोनी घालं?”

ओंगण म्हणजे बैलगाडीच्या आसाला घालायचं वंगण. आमच्याकडे ते एरंडेलात केळीच्या वाळल्या पानांची राख कालवून करत. तो वास नाकात गेला आणि मला सगळ्या अमावास्या एकदम आठवल्या. पूजा कसली? आबांनी टोपी उघडून बघितलं असणार, आत आस, आसावर आडवी खीळ, अगदी बैलगाडीसारखं. आणि भोवती पिवळं, खवट तुपासारखं काहीतरी. ते बिघडलेलं समजून त्यांनी निपटून काढलं आणि घरचं ताजं घातलं. लाकडी आसाला राख मानवते. बेअरिंगच्या पोलादी गोळ्यांना ती म्हणजे पॉलिशपेपर. चार महिने, दर अमावास्येला, न चुकता, मायेने. उजव्या चाकाची टोपी त्यांना निघाली नसणार, म्हणून ते वाचलं.

मी मिस्त्रीला सांगून टाकलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला की त्याच्याही वडिलांनी एकदा सायकलच्या साखळीला तूप लावलं होतं, गाईचं.

जुनं बेअरिंग फडक्यात गुंडाळून मी ट्रकने धुळ्याला गेलो. ट्रकवाल्याने एरंडेलाचा वास घेतला आणि घरात कोणाचं पोट अडलंय का अशी आपुलकीने चौकशी केली. दुकानदार सणासाठी फळी लावतच होता. माझा चेहरा बघून त्याने परत उघडली. सोनगीरला आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

मिस्त्रीने हब रॉकेलने तीनदा धुतला, राखेचा कण राहू दिला नाही. हबात अडकलेली जुन्या बेअरिंगची कडी त्याने तांबटाकडून आणलेल्या पितळी दांडक्याने ठोकून काढली. पितळ स्वतः दबतं, पोलादाला ओरखडा देत नाही. नवं बेअरिंग ग्रीस भरून बसवलं, नट घट्ट आवळला आणि मग केसभर सैल सोडला. “सैल राह्यनं ते वाजस, आवळं ते जळस,” तो म्हणाला. मी घड्याळाकडे बघत होतो, म्हणून ते वाक्य मला उशिरा पटलं.

निघताना त्याने एक डबा माझ्या हातात दिला. आत ग्रीस, पण काळंकुट्ट. “आबास्ले सांगा, हाई सोनगीरनं ओंगण शे.”

शिंदखेड्याला पोचलो तेव्हा बहिणीची सासू हातात काडेपेटी घेऊन देवळीपाशी उभी होती. मला बघून तिने ती हळूच पदराआड केली. काडी ओढायला तिने किती वेळ लावला असेल, ते मी तिला आजतागायत विचारलेलं नाही. बहीण गाठोडं घेऊन सकाळपासून ओट्यावर. गल्लीने चाकाचा आवाज ऐकलाच नाही, म्हणून बहीण आधी माझ्या पायांकडे बघून म्हणाली, “भाऊ, पायी उना का रे?” मग वळून मोटार बघितली आणि तिथेच रडली.

आखाजीच्या सकाळी निंबाला झोके बांधले, पोरी गाणी म्हणत होत्या आणि आबा मला घेऊन मोटारीची फेरी मारून आले. चाक मांजरीसारखं चालत होतं. आबांनी विजयाने माझ्याकडे बघितलं. “पाह्यं? आवाज करस का? अमुसले घालं, काल सकाळले परत घालं.”

मागच्या सीटवर बहीण होती. वाटेत मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मी त्यांचा विजय त्यांच्याकडेच राहू दिला. फक्त पुढच्या अमावास्येआधी आबांची बांबूची ओंगणनळी धुऊन तिच्यात डब्यातलं काळं ग्रीस भरलं आणि सांगितलं, सोनगीरला तयार मिळतं. त्यांनी बोटावर घेतलं, रंगाला मान डोलावली, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

“करनाराना हात आखडा शे,” ते म्हणाले. “एरंडेल घालंच नही.”

तरी घालत राहिले. ते होते तोवर दर अमावास्येला घातलं. मोटार विकली त्या दिवशीसुद्धा आधी चाक ओंगून मगच नव्या धन्याला दिली. त्याला बजावलंसुद्धा, की लेकीला आणायला जाशील तेव्हा विसरू नकोस.