डोक्यावरचं टिंब

बिदरला मिशनच्या शाळेत मी संगीताची तात्पुरती बाई होते. हार्मोनियमच्या परीक्षा पास झालेल्या, त्या जोरावर लागलेली. नवरा कामाला म्हणून पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. आई आणि मी भावाच्या घरी, वहिनीच्या राज्यात. नोकरी कायम झाली तरच तिथं मान वर करून राहता येणार होतं.

शाळेत मात्र पियानो होता आणि गाणी इंग्रजी स्वरलिपीत. त्या कागदावर कोणत्या रेघेवर कोणता सूर, एवढं एका म्हाताऱ्या सिस्टरनी शिकवलं. बाकीच्या खाणाखुणा मी माझ्याच अकलेनं लावल्या. गॅदरिंगच्या गाण्यात बऱ्याच सुरांच्या डोक्यावर टिंब होतं. आमच्या स्वरलिपीत असं टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला सूर. मग त्यात विचारायचं काय? टिंब दिसलं की माझा हात वरच्या पट्ट्यांवर जायचा, आणि माझ्यामागं पोरींचा आवाज.

"म्याडम, गळा दुखायलाय," एक म्हणाली.

"रियाज न्हाई तर दुखणारच की," मी म्हणाले.

प्रिन्सिपल सिस्टर तेव्हा बेंगळुरूला होत्या. त्यांनी गाणं ऐकलं ते थेट गॅदरिंगलाच. पहिली ओळ बरी गेली. मग टिंबं आली आणि पोरी किंचाळायल्या. पुढच्या रांगेतले पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसायले. बिचाऱ्या माझ्या भरवशावर गळ्याच्या शिरा ताणून गात होत्या. लाजेनं मेले मी, पण हात थांबवावा हेही सुचेना.

गाणं संपल्यावर सिस्टर पडद्यामागं आल्या. रागानं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि हळूच सांगितलं, टिंब असलं तरी सूर तोच, फक्त तापल्या तव्याला बोट लागल्यासारखा झटकन सोडायचा. एवढंच होतं ते.

तेवढ्यात माझी आई आत आली. तिनं सिस्टरपुढं हात जोडले. "अम्मा, माझ्या लेकीला कायम करा. किती वरी नेलं तिनं गाणं. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई."

सिस्टर "हो, हो" म्हणाल्या, माझ्याकडं न बघता. मला आईचीच लाज वाटली, आणि लगेच स्वतःची किळस आली.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा माझ्या जागी हैदराबादची, पियानो शिकलेली बाई होती. आई वहिनीला सांगत बसली, "पस्तावतील बघ. हिच्यासारखी वाजवणारी मिळायची न्हाई त्यांला." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय का न्हाई गं?"

वहिनी बघत होती. मी व्हय म्हणाले.