फाटक्या आवाजाचा बॉल

"अगं ए नवी, हात वर कर! बॉल वर आहे, जमिनीत पेरलेला नाही!"

आमच्या सरांचा आवाज असा, की इथे भेस्तानात ओरडले तर पार तिकडे कडोदऱ्याची कुत्री उठून बसत. नवी पोरगी मात्र बास्केटखाली चक्क डोळे मिटून उभी. एवढीशी, की जाळीची सावलीसुद्धा तिला शोधत फिरे. कॅप्टन मी. आणि मी तेव्हा इतकी उंच, की पर्वत पाटियाच्या पुलाखालून मान वाकवून जायचे. खोटं वाटत असेल तर पुलाला विचारा.

तिचा हा पहिला सामना, आणि कदाचित शेवटचा. वडिलांनी बजावलं होतं, सरांनी आज टीममध्ये पक्की घेतली तर ठीक. नाहीतर उद्यापासून शाळा सुटली की आईशेजारी बसून साड्यांना खडे चिकटवायचे. ते स्वतः लूमच्या खात्यातली, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातली, पाळी संपवून आले होते आणि केसांत धाग्यांचे तुकडे घेऊन कुंपणाशी उभे होते.

समोरच्या पोरीने बॉल फेकला. बास्केटच्या कड्यावर आदळला. पुढचं सगळं मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. बॉल हवेत तरंगत राहिला; एक कबुतर त्यावर बसलं, पंख साफ केले, उडून गेलं. आम्ही उंटिणी माना वर करून भलत्याच जागी. ती मात्र, डोळे मिटलेलेच, दोन पावलं डावीकडे सरकली आणि बॉल दमूनभागून घरी यावा तसा तिच्या हातांत आला.

"कसं काय गं?"

"आवाज फाटका आला ना ताई. म्हणजे डावीकडेच पडणार."

तिची खोली खात्याला लागून. भिंतीपलीकडे कुठल्या लूमवर धागा तुटला, ते ती झोपेत कूस बदलता बदलता सांगायची म्हणे.

मग तिने बोलणंच सोडलं. खात्याच्या धडधडीत कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे सगळं हातांनी चालतं. दोन बोटं ताणून सोडली की धागा तुटला, तिकडे पळ. आम्हीही बहुतेक कारागिरांच्याच पोरी, बापाचा डबा पोचवत वाढलेल्या. तिची बोटं हलली की आमचे पाय निघत. सर ओरडत होते, आम्ही जणू स्वप्नात धावत होतो. कॅप्टन मी आहे, हे मीसुद्धा विसरले.

शेवटी एका गुणाने आम्ही पुढे, बॉल माझ्या हातात. घाई करू नका, एवढंच सांगायला तिने तळहात आडवा फिरवला. खात्यात असा हात फिरला की लूम बंद. सवयीने आम्ही पाचही जणी जागच्या जागी थिजलो. ते बघून समोरच्या पाच थिजल्या. वारा थांबला, तापीसुद्धा क्षणभर थांबली असणार. आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली.

सर कुंपणाकडे धावले. "पोरगी पक्की! उद्यापासून कॅप्टनही हीच! पाठवाल ना?"

वडिलांचे कान लूमने कधीच खाल्लेले. सर तीनदा ओरडले. शेवटी तिनेच बोटांनी बापाला सगळं सांगितलं.

त्यांनी केसांतला एक धागा काढून टाकला.

"तिलेच इचारा," ते आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाले. "घर बी तीच चालाडस."