सातवी खाच

मंगळवार होता. सकाळी अकराच्या सुमारास प्रवीण बास गिटार परत घेऊन आला. शैला बाजारात गेली होती. मी घरी होतो.

यापुढचं मी कोणालाही सांगितलेलं नाही. शैलाला तर नाहीच. आणि आता तिला सांगता येणार नाही. तिला जाऊन आठ महिने झाले. तुम्हाला का सांगतोय, हे मला नीट कळत नाही. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आलो. स्वतःचं काही लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत अडखळतो. त्यामुळे जरा वेळ लागेल.

शैला माझी बायको. अंबडच्या एका कारखान्यात तिने एकवीस वर्षं कॉइल भरल्या. केसाहून बारीक तांब्याची तार यंत्रावर गुंडाळायची, हजारो वेढे, आणि तार तुटू द्यायची नाही. ती म्हणायची, तार तुटायच्या आधी बोटाला कळतं. माझा त्यावर विश्वास नव्हता. एकदा तिने मला डोळे मिटायला लावले, तार माझ्या बोटांवरून सोडली आणि विचारलं, "कळलं?" मला काही कळलं नाही. तिने "आता" म्हटलं आणि तार तुटली.

कारखान्यातला तो विभाग बंद पडला आणि ती घरी आली. सिडकोतलं आमचं घर लहान, पण खाली स्कूटरपुरती जागा होती. मागच्या गल्लीतला प्रवीण रिक्षा चालवतो आणि भीमगीतांच्या पार्टीत बास वाजवतो. त्याच्या बासचा आवाज गेला होता. तारांखाली एक पिकअप असतो, तो तारांची थरथर पकडून स्पीकरपर्यंत पोचवतो. शैलाने तो उघडला आणि हसायलाच लागली. "अहो, ही तर आपलीच कॉइल!" दोन दिवसांत तिने तो नव्याने भरून दिला. तिथून सुरुवात झाली. आधी पिकअप, मग अख्ख्या गिटारी. हरसूलच्या बाजूला एका पाडलेल्या घराचं सागवानी दार मिळालं, त्यातून दोन गिटारींची अंगं निघाली. स्कूटर बाहेर गेली, आत भुसा आला.

माझं काम आकड्यांचं होतं. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. त्यांच्यासाठी शिसवाच्या फळीत खाचा पाडाव्या लागतात. प्रत्येक खाचेचं अंतर मानेच्या टोकापासून मोजायचं असतं आणि ते मिलिमीटरच्या आत बरोबर यावं लागतं. नाहीतर त्या जागेवर सूर कायमचा चुकतो, खुंट्या पिळून काही उपयोग होत नाही. शैलाला गुणाकार-भागाकाराचा कंटाळा. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा. माझ्या हातून चूक सुटत नाही, अशी ख्याती होती. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायचीही. मी कॅल्क्युलेटर घेऊन आकडे काढायचो, वहीत सुवाच्य उतरवायचो, आणि शैला वही समोर ठेवून फळीवर सुरीने खुणा करायची.

"तुम्ही वेलांट्या बघा, मी मिलिमीटर बघते," ती म्हणायची.

चार गिटारी झाल्या. मग प्रवीणने नवा बास बनवायला सांगितला. जयंतीच्या कार्यक्रमांत त्याला शैलामावशीच्या हातचा बास वाजवायचा होता. बासची मान लांब असते, म्हणून आकड्यांचा नवा तक्ता लागणार होता. तो मी एका दुपारी केला. शेजारी कुठल्या तरी पाठ्यपुस्तकाची मुद्रितं पडली होती, त्यांत अर्धं लक्ष होतं. हे मी आता आठवतोय की जुळवतोय? नक्की सांगता येत नाही.

त्या मंगळवारी जयंतीला जेमतेम महिना उरला होता. प्रवीण म्हणाला, "काका, बाकी एक नंबर झालाय. आवाज तर असा की पोरं वळून बघतात. फक्त सातव्या पट्टीवर बोट ठेवलं की सूर खाली बसतो. माझ्याच कानाचा घोळ असेल म्हणून मोबाइलवर सूर मोजून पाहिला. पण खरंच बसतो." मग जाता जाता म्हणाला, "मावशीला वाईट वाटेल असं सांगू नका हां."

तो गेल्यावर मी मोजलं. सातवी पट्टी दोनशे चौऱ्याऐंशी मिलिमीटरवर होती. वही काढली. वहीतही दोनशे चौऱ्याऐंशीच होतं. माझ्या अक्षरात. मग कॅल्क्युलेटर घेतला. यायला हवे होते दोनशे सत्त्याऐंशी. गणित बरोबर होतं, उतरवताना चूक झाली होती. दुसऱ्याचं लिखाण मी तीनदा वाचतो. स्वतःचं एकदाही वाचलं नव्हतं.

इथवर काय, चूक झाली. चूक कोणाच्याही हातून होते. इथेच थांबून शैलाची वाट पाहिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी वहीचं ते पान फाडलं. पुढच्या कोऱ्या पानावर सगळा तक्ता पुन्हा लिहिला, त्याच पेनाने, त्याच अक्षरात, सातव्या ओळीत बरोबर आकडा घालून. वीस मिनिटं लागली असतील. वीस मिनिटांत माणूस किती वेळा थांबू शकतो? मी एकदाही थांबलो नाही. फाडलेल्या पानाचे तुकडे भुशाच्या पोत्यात टाकले.

का केलं? ती रागावली असती म्हणून? ती रागावणारी नव्हती. हसली असती, आठवडाभर प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं असतं की आमच्या साहेबांना सात मोजता येत नाही. मला ते हसू नको होतं का? एवढंसंच कारण होतं का? मी पुष्कळदा शोधलं. याहून मोठं कारण सापडत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

शैला आली, तिने पिशवी ठेवली, मी प्रवीणचं म्हणणं सांगितलं. तिने मोजलं. वही उघडली. वहीतला आकडा पाहिला, पुन्हा मोजलं.

"वहीत तर बरोबर आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो, मी दोनदा मोजलं होतं ना? तुम्ही होतात की तिथे."

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

तिने खरंच दोनदा मोजलं होतं. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो.

मला वाटलं होतं, ती दुसरी फळी घेईल, नव्या खाचा पाडेल आणि संपेल सगळं. फळी तिने आणलीही. शिसवाची, सरळ रेषांची. रंधा मारून गुळगुळीत केली. पण खाचा पाडायला बसली की करवत उचलून पुन्हा खाली ठेवायची. जयंती आली आणि गेली, प्रवीणने जुनाच बास वाजवला. तो दोनदा विचारायला आला, मग विचारायचं बंद केलं. शैला पिकअप तेवढे भरत राहिली. त्याचंही काम हळूहळू कमी झालं. सुई ओवायची असली की माझ्याकडे द्यायची. "तुम्ही ओवा. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

आता जे सांगायचं आहे ते पानापेक्षा वाईट आहे.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ती खिडकीपाशी उभी होती. उजवा हात उजेडात सरळ धरला होता, बोटं पसरून. मला हाक मारली. "अहो, बघा बरं. थरथरतोय का?"

मी पाहिलं. हात थरथरत नव्हता. भिंतीला खिळा असावा तसा होता.

मी म्हणालो, "थोडासा वाटतो."

हे मी का म्हणालो? सहा महिने गेले होते. आता नाही म्हटलं असतं तर ती विचारणार होती, मग सातवी खाच चुकली कशी? मला तो प्रश्न नको होता. तिने मान हलवली आणि हात खाली घेतला. नंतर आम्ही डॉक्टरकडेही गेलो. त्यांनी तपासलं, काही नाही म्हणाले, वयाचं असेल म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकलं. येताना रिक्षात तिने हात पदराखाली ठेवला होता.

पुढे चार वर्षं ती होती. चार वर्षांत सांगायला किती दिवस मिळाले?

ती गेली ते हृदयाने. हाताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात प्रवीण आणि त्याची माणसं आली, दोन गाणी म्हटली. प्रवीणने माइकवर सांगितलं की मावशीच्या हातात जादू होती. मी पहिल्या रांगेत होतो. लोक माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर मी वही काढली. शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं पान सुटं होतं. छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे त्या मंगळवारीच सुचायला हवं होतं. मागच्या बाजूचं ते जोडीचं पान जागच्या जागी होतं. कोणीतरी ते कडेने चिकटवलं होतं, शैला ज्याने फळी मानेला चिकटवायची त्या पांढऱ्या गोंदाने, थेंबभरही बाहेर न येऊ देता. त्या पानावर तिच्या अक्षरात एका पिकअपच्या वेढ्यांची नोंद आहे. प्रवीणच्या पार्टीतल्या एकाचा पिकअप होता, जयंतीच्या आधी भरून दिलेला. म्हणजे मंगळवारनंतर महिन्याच्या आतच, ती नोंद करताना, पान सुटं झाल्याचं तिने पाहिलं होतं.

सुटलेलं पान चिकटवलं, एवढंच का? की कुठलं पान गेलं, हे तिला कळलं होतं? कळलं असेल तर तिने खाचा पाडणं का सोडलं? आणि मग दिवाळीच्या आधी खिडकीपाशी हात धरून तिने मला विचारलं ते नेमकं काय विचारलं होतं? ती मला एक संधी देत होती का? की तिला खरंच आपल्या हाताची शंका होती? दोन्ही बाजूंनी मी रोज विचार करतो. कुठल्या बाजूला माझा अपराध कमी होतो ते पाहू लागतो आणि मग थांबतो. कुठल्याही बाजूला तो कमी होत नाही.

वही माझ्या टेबलावर आहे. बास प्रवीणने नेला नाही, तो भिंतीला टेकून उभा आहे. शिसवाची दुसरी फळी जुन्या मुद्रितांत गुंडाळून कपाटावर ठेवली आहे. तिच्यावर एकही खाच नाही.