संपात मिळालेलं दार

सोलापुरातल्या सगळ्या गिरण्या बंद होत्या, त्या दिवसांत एका दुपारी आमच्या चाळीत एक वकील आले. काळा कोट, हातात छत्री, घामाने निथळणारा चेहरा. ते गिरणी कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष होते. आतापर्यंत आम्ही त्यांना फक्त सभेत, टेबलावर उभे असलेले, लांबून पाहिलं होतं. माझ्या आईने, म्हणजे अव्वाने, घोंगडं अंथरलं. वकीलसाहेब त्याच्या अगदी कडेला बसले आणि मला म्हणाले, "तुला सही करता येते, असं ऐकलं."

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. वडील गेल्यावर शाळा सुटली आणि मी अव्वाबरोबर गिरणीच्या रिळखात्यात लागले. सूत रिळांवर भरायचं ते काम सगळं बायकांचंच होतं.

"येते की," मी म्हटलं.

"घरात कानडी बोलता. मराठी चांगली आहे. तेलुगू?"

"शेजारणीशी भांडण्यापुरती."

"तेवढी चालेल," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं कळलं. मजुरी कापल्यावरून संप सुरू झाला होता आणि मालक कामगारांशी बोलायला तयार नव्हते. तेव्हा सरकारने मध्ये पडायचं ठरवलं. सरकार म्हणजे आमच्यासाठी गोरे कलेक्टरसाहेब. त्यांनी बोलणी करायला कामगारांची माणसं बोलावली आणि त्यात एक बाईही असावी, असं कळवलं. युनियनच्या कमिटीत बाई नव्हती. बायकांविषयीचे ठराव मात्र कमिटीने पुष्कळ केले होते.

"मी तिथं काय करायचं?" मी विचारलं.

"बसायचं. आणि काही विचारलं तर माझ्याकडे बघायचं."

अव्वा म्हणाली, "येवढंच काम असंल तर मी बी येत्ये की." वकीलसाहेब हसले नाहीत.

ते गेले आणि संध्याकाळी मास्तर आले. गावात कामगारांच्या युनियन दोन होत्या. मास्तर दुसरीचे पुढारी. पूर्वी शाळेत शिकवत, त्यामुळे अजूनही प्रत्येक वाक्य दोनदा सांगत. त्यांच्या कमिटीतही बाई नव्हती. त्यांनीही सहीचं विचारलं आणि त्यांनीही, उत्तर द्यायचं झालं तर आपल्याकडे बघायला सांगितलं. संप चालू असताना दोन्ही युनियनचं एका गोष्टीवर एकमत झालं ते एवढंच, आणि तेही एकमेकांशी न बोलता.

कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यात लांबलचक टेबल होतं. वकीलसाहेब मास्तरांच्या शेजारी बसेनात, मास्तर वकीलसाहेबांच्या. तेव्हा साहेबांच्या चिटणिसांनी मला दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर बसायची मला सवय नव्हती. पाय लोंबकळत राहिले. थोड्या वेळाने वकीलसाहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "त्यांना विचार, दौत मोकळी आहे का." दौत मास्तरांच्या कोपराशी होती आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मी विचारलं. मास्तर म्हणाले, "नाही म्हणावं. नाही म्हणावं." मी वळून वकीलसाहेबांना सांगितलं, नाही म्हणतात. बोलणी सुरू झाली ती अशी.

आपण कोणत्याच बाजूचे नाही, असं साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं. चिटणिसांनी ते मराठीत सांगितलं, आणि आम्हाला बरं वाटलं. मालकांच्या वतीने आमच्या गिरणीचे मॅनेजर आले होते, पण कामगारांबरोबर एका टेबलाशी बसणं त्यांना मान्य नव्हतं म्हणून ते बाहेर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत सरबत पीत बसले. इकडे काही अडलं की साहेब म्हणत, "मला जरा विचार करू द्या," आणि व्हरांड्यात जात. परत येत तेव्हा त्यांचा विचार झालेला असे.

पहिला दिवस एका शब्दात गेला. जे टिपण लिहायचं होतं त्यात साहेब 'संप' लिहू देईनात. तसं लिहिलं तर सरकारने संप मानला असं होईल, म्हणाले. त्यांना 'सध्याची अशांतता' हवी होती. वकीलसाहेब म्हणाले, आमचे लोक शांत आहेत. मास्तर म्हणाले, संप म्हणजे संपच, संप म्हणजे संपच. शेवटी 'सध्याची परिस्थिती' ठरलं. बंगल्याबाहेर झाडाखाली बसलेल्या लोकांना दोन्ही पुढाऱ्यांनी वेगवेगळं जाऊन सांगितलं की पहिला मुद्दा जिंकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मधल्या सुट्टीत चहा आणि बिस्किटं येत. मी बिस्किटं पदराला बांधून अव्वासाठी आणत असे. आमच्या घरात ज्वारीचा डबा वाजायला लागला होता. चाळीतले करमाळ्याकडचे, बार्शीकडचे लोक बोचकी घेऊन गावी निघाले होते, कारण गावात निदान भावाच्या घरी भाकरी तरी होती. अव्वाने बिस्किट खाल्लं आणि म्हणाली, "सरकारचं हाय व्हय? लई पोकळ हाय."

मजुरीची गोष्ट निघाली की साहेब व्हरांड्यात जात आणि मॅनेजरांचं 'नाही' घेऊन येत. ते 'नाही' साहेबांच्या तोंडून फार सौम्य येई. चिटणीस ते आणखी सौम्य करून सांगत, त्यामुळे आपल्याला काहीतरी मिळालंय, असं पुष्कळ वेळ वाटत राही. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी सगळेच गप्प बसले. साहेब पेन्सिलीशी खेळत होते. त्यांना बहुधा वर काहीतरी कळवायचं होतं आणि कळवण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

चिटणीस म्हणाले, "साहेब विचारतात, बायकांचं काय म्हणणं आहे?"

मी वकीलसाहेबांकडे बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं. दोघेही मान हलवत होते, पण एकाची मान उभी हलत होती आणि दुसऱ्याची आडवी. मला काही कळेना. मग जे रोज मनात असायचं तेच तोंडातून गेलं.

"आमच्या खात्याच्या संडासाला दार नाही," मी म्हटलं. "बाई आत गेली की दुसरीला बाहेर पदर धरून उभं राहावं लागतं."

चिटणीस खाली बघायला लागले. त्यांच्या घरात असले शब्द जेवणाच्या आसपास उच्चारत नसावेत. साहेबांनी दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी इंग्रजीत काहीतरी हलक्या आवाजात सांगितलं. ऐकून साहेबांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत त्यांना देता येण्यासारखं कुणी काही मागितलंच नव्हतं. ते उठून व्हरांड्यात गेले, आणि या वेळी जवळजवळ पळतच.

इकडे वकीलसाहेब म्हणाले, "आमच्या युनियनची ही फार जुनी मागणी आहे." मास्तर म्हणाले, "आमचीच मागणी आहे, आमचीच." दोघांनीही हे मला सांगितलं, म्हणजे मी पलीकडे सांगावं.

मॅनेजरांना दार मान्य नव्हतं. बायका आत कडी लावून बसतील आणि कामाचा वेळ बुडेल, असं त्यांचं म्हणणं आलं. खिडकीतून त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. त्यावर दुपारभर चर्चा झाली. मजुरीवर इतका वेळ कुणी खर्च केला नव्हता. कडी असावी की नसावी, असली तर आतून की बाहेरून, यावर दोन्ही युनियनच्या सूचना वेगळ्या होत्या. शेवटी तडजोड निघाली. दार मिळेल, पण अर्धं. वरून मोकळं, खालून मोकळं, म्हणजे आमच्यावरच्या मुकादमीणबाईला आत कोण आहे ते बाहेरूनच दिसावं. कडी नाही. साहेबांनी उठून सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याशी मिळवावा की नाही, ते त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी मान झुकवली. मीही झुकवली. सही करायला मला तिथे आणलं होतं, पण सहीची वेळ आली तेव्हा ती दोन्ही अध्यक्षांनीच केली.

दुसऱ्या दिवशी गावात दवंडी फिरली की सरकारच्या मध्यस्थीने बोलण्यांना यश येत आहे. दोन्ही युनियनच्या सभा झाल्या, एक या मैदानात, एक त्या मैदानात, आणि दोन्हीकडे तोच विजय जाहीर झाला. मला दोन्हीकडे हार घातला. हार गळ्यात घेऊनच मी चाळीत आले, तर रिळखात्यातल्या बायका नळाशी उभ्या होत्या. त्यांच्यात एक माझ्या शेजारच्या मशीनवरची होती. तिचं पोर तिच्या कडेवर मलूल पडलं होतं.

ती म्हणाली, "तुला भाकरी मागाया धाडलं हुतं. तू दार घिऊन आलीस."

वकीलसाहेबांसमोर, मास्तरांसमोर, गोऱ्या साहेबासमोर मी बोलले होते. तिच्यासमोर तोंड उघडेना. तेवढ्यात एक म्हातारी घागर उचलत म्हणाली, "तिनं निदान कायतरी आणलं की. बाकीच्यांनी काय आणलं?" मी हार काढून हातात घेतला आणि घरात गेले.

मजुरीवर पुढेही बोलणी होत राहिली, पण मला त्यांनी बोलावलं नाही. बायकांचा प्रश्न सुटला होता. हळूहळू लोक कंटाळले, उपाशी पडले, एकेक करून फाटकापाशी जाऊ लागले, आणि एका सकाळी पुन्हा भोंगा वाजला. कापलेली मजुरी कापलेलीच राहिली. फाटकावर मॅनेजर स्वतः उभे होते. अव्वाला त्यांनी आत घेतलं. मला बघून म्हणाले, "तू टेबलाशी बसणारी. तुझ्यासारखीला इथे काम नाही." मी दोन्ही युनियनकडे गेले. वकीलसाहेब म्हणाले, साहेबांकडे अर्ज करू. मास्तर म्हणाले, अर्जाने काय होतं, मोर्चा काढू. अर्ज आधी की मोर्चा आधी, हे ते अजून ठरवत असतील.

मी विड्यांच्या कारखान्यात लागले. पहिले काही दिवस रडू यायचं. तंबाखूने डोळे चुरचुरतात, असं सांगून मी ते निभावलं.

गिरणीतली दारं मात्र खरोखर बसली. ज्या दिवशी बसली त्या संध्याकाळी अव्वा कामावरून आली, हातपाय धुतले आणि चुलीपाशी बसली. मीच विचारलं, "दार कसं हाय?"

ती म्हणाली, "वरनं डोकं दिसतंय. खालनं पाय दिसत्यात. मधलं आपलं."

मग तिने पीठ मळायला घेतलं. शेजारच्या मशीनवरची ती बाई त्याच आठवड्यात मूठभर शेंगाचटणी घेऊन आमच्या दाराशी आली. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. आम्ही तिघींनी ती भाकरीबरोबर खाल्ली, आणि नंतर बराच वेळ तिच्या पोराच्या खोकल्याबद्दल बोलत बसलो.