पाणी चढून राहिलं होतं

आमच्या घरात माझं काही लपून राहत नाही. चष्मा कुठे ठेवला हे मला नवरा सांगतो, आणि गोळी घेतली की नाही हे मुलगी पुण्याहून फोन करून विचारते. पण ही एक गोष्ट दोघांनाही ठाऊक नाही. स्टाफरूममध्ये तर नाहीच. माय होती तोवर तिच्या कानावरही मी ती जाऊ दिली नाही — तिच्यापासूनच सगळ्यात जास्त लपवली. का, ते पुढे येईल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं जमेल असं वाटतं. पाहू या.

मी सावनेरजवळच्या एका खेड्यातली. कापूस, तूर, दोन बैल, एक विहीर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी — मुलींतली पहिली नव्हे, सगळ्यांतली पहिली. बीएस्सी, मग बीएड. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लाजत सांगत नाही. सकाळच्या एसटीने नागपूर, संध्याकाळच्या एसटीने घर, मांडीवर डबा आणि डब्यावर पुस्तक. पुस्तकात जे होतं ते मी पाठ केलं, आणि त्या पाठांतरानेच मला शेतातून खुर्चीपर्यंत आणलं. पुस्तकावर शंका घ्यायची? ज्या दोरीला धरून वर आलो, ती कोणी ओढून पाहतं का?

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत मी म्हणाले होते, "सर, मले परीक्षानळी नाही भेटली." सगळे हसले. सरही हसले. त्यानंतर एसटीच्या खिडकीला तोंड लावून मी रोज पुटपुटायची — मला, तुला, त्याला. जात आहे, येत आहे. तीन महिन्यांत माझ्या तोंडातून 'ले' गेला. घरी माय म्हणायची, "काहून वं, पावण्यासारखी बोलून राहिली?" तर सांगायचं हे, की ते हसणं कसं लागतं हे मला माहीत होतं. लक्षात असू द्या. पुढे मी 'मला कल्पना नव्हती' असं म्हणणार नाही.

नागपूरच्या टोकाला हुडकेश्वरला आमची शाळा सुरू झाली तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे शेत होतं. आता तिथे तीन मजली घरं आहेत, पण तेव्हा सातवीच्या खिडकीतून हरभरा दिसायचा, आणि मधल्या सुट्टीत पोरं कुंपणाखालून जाऊन तो उपटून आणायची. विज्ञान शिकवणारी मी एकटीच. सोमवारी खडक, बुधवारी पानातलं हरितद्रव्य, शुक्रवारी चुंबक — एकाच आठवड्यात जमीन, जीव आणि लोखंड. काय दिवस होते! पोरं काय काय आणायची! सुगरणीचा खोपा, सापाची कात, बरणीत बेडकाची पिल्लं, खाणीजवळून उचललेले काळे दगड. एका पोराने तर जिवंत विंचू काडेपेटीत घालून आणला होता, "मॅडम, संधिपाद." प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. ते उघडलं की स्पिरिट, गंधक आणि उंदराच्या लेंड्या असा मिळून एक वास यायचा. तो वास आजही कुठे आला की मी तीस वर्षांची होते.

आता आमची पद्धत सांगते. पोरं बासष्ट, चांगला काचेचा पेला एक, तास चाळीस मिनिटांचा. प्रयोगवहीत पाच मथळे — उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मी पाचही फळ्यावर लिहून द्यायची आणि मग प्रयोग करायची. म्हणजे काय दिसलं ते पोरांनी आधी लिहायचं, आणि पाहायचं नंतर. आज लिहिताना मलाच हसू येतं. तेव्हा आलं नाही.

आणि मग ती.

तिला इथे प्रणिता म्हणते. आमच्या सावनेरकडच्याच खाप्याची. बाप कन्हान नदीच्या रेतीत टरबुजाची वाडी लावायचा. सातवीला ती हुडकेश्वरला मामाकडे शिकायला आली. केसांना भरपूर तेल, अक्षर ठसठशीत, आणि प्रश्न विचारायची सवय. खडकाच्या धड्याला तिने विचारलं होतं, नदीतला दगड गोल अन् खाणीतला टोकाचा असा काहून? मला ती आवडायची. हे कबूल करणं जास्त जड जातंय, पण खरं आहे. ती मला माझ्यासारखी वाटायची — एसटीतल्या मुलीच्याही आधीची मी.

हिवाळ्याचे दिवस होते, वर्गात संत्र्याच्या सालींचा वास. प्रयोग मेणबत्तीचा. तुम्हीही शाळेत केला असेल. ताटात पाणी, त्यात शाईचे दोन थेंब, मधोमध जळती मेणबत्ती, आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात वर चढतं. आमच्या पुस्तकाप्रमाणे अनुमान असं, की ज्योतीने पेल्यातला प्राणवायू संपवला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. मी फळ्यावर लिहून दिलं. प्रयोग केला. वह्या गोळा केल्या आणि तिथेच बसून तपासायला घेतल्या.

प्रणिताने फळ्यावरचं उतरवलंच नव्हतं. निरीक्षणाखाली तिने लिहिलं होतं — "मेणबत्ती जळून राहिली होती तेव्हा पेल्याच्या खालून बुडबुडे निघाले. तेव्हा पाणी चढलं नाही. मेणबत्ती विझली तरी पाणी चढून राहिलं होतं."

मी तिला पुढे बोलावलं. तिची वही मी उंच धरली आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग शेवटचे शब्द पुन्हा वाचले, सावकाश. आणि विचारलं, "चढून कुठे राहिलं गं पाणी? वर खोली घेतली का किरायाने?"

वर्ग फुटला. बासष्ट पोरं. पोट धरधरून हसली. मीही हसले.

ती रडली नाही. रडली असती तर कदाचित मी थांबले असते — नाही, हेही खोटं, थांबले नसते. ती म्हणाली, "मॅडम, मी पाह्यलं ना. आमची माय बोंबी सरकली का पोटावर कणकेचा दिवा ठेवते अन् वरून गडवा पालथा घालते. दिवा जळते तोवर गडवा हालते. विझला का मंग पकडते. तीन वाती लावल्या तं अजून घट्ट पकडते. आपण तीन मेणबत्त्या लावून पाहू का?"

आता इथे मला थांबावं लागतं.

कारण हा गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, मला माहीत होता. चौथीत असताना विहिरीवरून भरलेली गुंडी उचलली आणि माझी बेंबी सरकली. मायने मला चटईवर निजवलं, कणकेचा दिवा ठेवला, वरून तांब्याचा गडवा. पोटावरची ती ऊब, मग अंधार झाल्यासारखं काहीतरी, आणि मग — दिवा विझल्यावर — कातडी आत ओढली जाणं. गोल लाल वळ दोन दिवस पोटावर होता. मैत्रिणींना फ्रॉक वर करून दाखवला होता मी. म्हणजे ती पोरगी फळ्यासमोर उभी राहून जे सांगत होती, ते खरं आहे हे मला त्याच क्षणी कळलं. नंतर नाही. त्याच क्षणी, पोटाला कळलं.

आणि मी काय म्हणाले? "इथे आपण विज्ञान शिकतो. गडवे-बिडवे घरी ठेवून यायचे."

लाल पेनाने तिच्या वाक्यावर रेघ मारली. वर लिहिलं — 'मेणबत्ती विझली व पाणी चढले.' दहा वेळा लिहून आण म्हणाले. दहापैकी चार गुण दिले.

काय खोडलं मी, पाहा. आमच्या बोलीत 'चढून राहिलं होतं' म्हणजे अजून चढत होतं. 'चढले' म्हणजे झालं, संपलं. पुस्तकाला तेवढंच हवं होतं. ज्योतीने प्राणवायू खाल्ला म्हणून पाणी चढत असेल, तर ते ज्योत जळताना चढायला हवं आणि विझली की थांबायला हवं. ते विझल्यावरही चढतच होतं. ज्योतीने हवा तापते, फुगते, बुडबुडे होऊन थोडी बाहेर पडते. विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसते, आणि बाहेरचं पाणी आत रेटलं जातं. सगळा शोध त्या दोन शब्दांत होता — चढून राहिलं. माझ्या मायच्या बोलीतले दोन शब्द. ते मी अशुद्ध म्हणून खोडले. अशुद्ध म्हणूनच खोडले का? की बरोबर होते म्हणून?

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एकटी थांबले. शिपायाला म्हटलं, कपाट आवरायचं आहे. एक मेणबत्ती लावली. तिने लिहिलं होतं तसंच झालं, बुडबुड्यांसकट. मग तीन लावल्या. पेला तोच, आतली हवा तेवढीच, प्राणवायू तेवढाच — आणि पाणी जवळजवळ अर्ध्या पेल्यापर्यंत आलं. मी स्टुलावर बसून ते निळं पाणी पाहत राहिले. बाहेर हरभऱ्यात कोणीतरी पाखरं हाकत होतं. इतकं सुंदर काही मी बीएस्सीच्या तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि पाहताना शेजारी जिला असायला हवं होतं ती घरी बसून एक वाक्य दहा वेळा लिहीत होती.

सोमवारी सांगायचं असं ठरवून गेले. हजेरी घेतली. ती "हजर" म्हणाली. मी चुंबक शिकवायला घेतला.

वर्गात तिचं नाव पडलं, किरायेदार. "ए किरायेदार, सरक वं तिकडं." मी ऐकायची. एकदाही कोणाला दटावलं नाही. तिचा हात मग वर आला नाही, ना त्या वर्षी, ना पुढे आठवीत. फळ्यावरचं ती काना-मात्रेसह उतरवू लागली. आणि तिचे गुण वाढले. दहापैकी नऊ. मीच द्यायची.

वर्षाअखेरी वह्या रद्दीत गेल्या. तिची मी काढून घेतली. का? जपायला की लपवायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

इतकंच असतं तरी पुष्कळ होतं. पण काही वर्षांनी मी वर्गात तीन मेणबत्त्या लावू लागले. पोरांना फार आवडायचं. शाळेत त्याला 'मॅडमचा प्रयोग' म्हणतात. एका शिक्षक-प्रशिक्षणात मी तो करून दाखवला, टाळ्या झाल्या. कोणीतरी विचारलं, "सुचलं कसं हो तुम्हाला?" मी म्हटलं, "शिकवता शिकवता सुचलं."

गेल्या हिवाळ्यात ती शाळेत आली. मी आधी ओळखलंच नाही. नीटस साडी, हातात गृहप्रवेशाची पत्रिका. एका विमा कंपनीत आहे म्हणाली. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसली आणि अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत बोलू लागली.

"मॅडम, ऑफिसात मोठ्या ग्राहकांचे फोन माझ्याकडेच देतात, भाषेमुळे. त्या दिवशी तुम्ही टोकलं नसतंत ना, तर मी अजून जाऊन राहिली, येऊन राहिली करत बसले असते."

मी म्हटलं, "चहा घे."

"माय मात्र चिडते हं. म्हणते, माझ्याशी तरी आपलं बोलत जाय वं." हे एवढं वाक्य ती खाप्याचं बोलली आणि हसली. मग म्हणाली, "विज्ञान काही आपल्याला जमलं नाही, मॅडम. डोकंच नव्हतं तिकडे. दहावीनंतर सरळ कॉमर्स घेतलं."

कपाट माझ्या पाठीमागे होतं. किल्ली पर्समध्ये. वही खालच्या कप्प्यात, जुन्या नकाशांखाली. उठून तीन पावलं टाकायची होती. मी तिला विचारलं, साखर बरोबर आहे ना. ती वाकून माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. दिला मी.

मायला का नाही सांगितलं, हे राहिलं. ती एवढंच म्हणाली असती — "पण पोरगी तं खरं बोलली होती ना वं?" आणि तिच्या तोंडचं ते वाक्य ऐकायची माझी हिंमत नव्हती. त्यात खोडायला काही नव्हतं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. परवा कपाट रिकामं करताना वही हातात आली. पान पिवळं पडलंय. दहापैकी चार. लाल रेघ मारली तरी खालचं अक्षर अजून वाचता येतं — मेणबत्ती विझली तरी पाणी चढून राहिलं होतं.

निरीक्षण तिचं आहे. रेघ माझी.