मोकळं करा

माझी आत्या जनावरांची डॉक्टर, आणि तोंडाने फटकळ. मरणाच्या इंजेक्शनला तिच्या दवाखान्यात कुणीच मारणं म्हणत नाही, सगळे ‘मोकळं करा’ म्हणतात. बरं न होणाऱ्या दुखण्याने तळमळणाऱ्या जनावराला आत्या मोकळं करते आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. पण लोकांना नकोशी झालेली तीन धडधाकट कुत्री तिने घरी आणून ठेवलीत. चौथं आणलंस तर मीच दवाखान्यात राहायला जाईन, असं आतोबांनी तिला बजावलंय.

काल एक गृहस्थ ठणठणीत कुत्रा घेऊन आले. नव्या फ्लॅटमध्ये कुत्री चालत नाहीत म्हणे.

“याला मोकळं करा, डॉक्टर.”

आत्याने कुत्र्याला नीट तपासलं, गळ्यातला पट्टा सोडला आणि गृहस्थांच्या हातात ठेवला.

“झालात मोकळे. निघा आता.”