बारावा हात

"आधी नाव, मग सुई." रक्त घेण्यापूर्वी ती प्रत्येकाला नाव विचारायची. एकदा तिचा सख्खा भाऊ समोर बसला, तर त्यालाही विचारलं. तो वैतागला, "अगं, लहानपणी मला आंघोळ तू घालायचीस!" तरी नाव सांगेपर्यंत तिने सुई उचलली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लहानशा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी तिच्या हाताखाली शिकले. ती काळी, पन्नाशीची, भरदार आवाजाची. मला 'हनी' म्हणायची आणि माझ्या डब्यातली भेंडी हक्काने खायची. तिच्या घरीही भेंडी व्हायची, पण माझी चिकट नसते म्हणायची. अशी एखादी बाई तुमच्याही कामावर असेल, जिच्यामुळे परक्या गावात आपल्याला उगीचच धीर येतो.

मी सिटिझन झाले त्याच वर्षी आम्हा दोघींना ज्यूरीसाठी कोर्टाचं बोलावणं आलं. एका बावीस वर्षांच्या काळ्या मुलावर गोऱ्या दुकानदाराच्या खुनाचा खटला होता. ती चर्चला जातानाचा निळा ड्रेस घालून आली.

"मी जेवायच्या सुट्टीआधी घरी," ती म्हणाली. "दर वेळी तसंच होतं. तुला मात्र ठेवतील."

"मला का?"

"तू कोणाचीच दिसत नाहीस, हनी."

तसंच झालं. सरकारी वकिलाने तिच्यासकट सगळ्या काळ्या माणसांना एकेक करून घरी पाठवलं. कारण सांगायचं बंधन त्याच्यावर नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही. अकरा गोरे आणि मी उरलो.

खून मुलानेच केला होता, यात शंका नव्हती. प्रश्न शिक्षेचा होता, मृत्युदंड की जन्मठेप, आणि तो ज्यूरीनेच ठरवायचा होता. त्याच कोर्टात, काळ्या टॅक्सीवाल्याला मारणारा एक गोरा माणूस थोड्या वर्षांच्या तुरुंगावर सुटला होता. हे तिनेच मला सांगितलं होतं. बंद खोलीत मी एकदाच म्हणाले, "जन्मठेप पुरे नाही का?" सगळे वळले. एकाने अगदी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही या देशात नव्या ना?"

एक हात जरी खाली राहिला असता, तरी तो मुलगा वाचला असता. संध्याकाळी माझाही वर गेला.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "किती हात?"

"बारा."

तिने ट्यूबला लेबल चिकटवलं. पुन्हा माझ्या डब्याला ती शिवली नाही.

दर महिन्याला ती बसने तुरुंगात त्या मुलाला भेटायला जाऊ लागली. तो तिच्या नात्याचा ना गोत्याचा. काही वर्षांनी त्याची सगळी अपिलं संपली, तेव्हा तिने माझ्यासमोर एक कागद ठेवला. गव्हर्नरकडे दयेचा अर्ज.

"ज्यूरीतल्या एकाची तरी सही हवी. बुधवारपर्यंत."

नवरा म्हणाला, "कशाला त्या भानगडीत पडतेस?" मी सही केली ती शुक्रवारी. तिने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. "थँक यू, हनी." गव्हर्नरांचा नकार गुरुवारीच आला होता, हे मला संध्याकाळच्या बातम्यांत कळलं.

त्याला मारलं त्या दिवसापासून ती कामावर आली नाही. महिन्याभरात तिच्या जागी नवी मुलगी आली. तिने विचारलं, "आधीच्या बाई कुठे असतात?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले.

तिचं घर हॉस्पिटलपासून दोन मैलांवर होतं.